पोटापाण्याचे प्रेम

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटते : 'ही आमची अत्यंत आवडती जागा!' ते वाचून आपण हसतो. काश्मीरही आवडते, केरळही आवडते, अंदमानही आवडते; ज्या गावाचे तिकीट खपवायचे ते गाव आवडते, असा या आवडीचा सरळ हिशेब आपण मांडून टाकतो. माणसाला ज्यातून पैसा मिळतो त्यावर त्याचे प्रेम असणेच शक्य नाही, हा समज आपल्या शिकलेल्या लोकांत फार पक्का आहे. कवीने समुद्रावर प्रेम केले तर ते खरे, आणि तोच समुद्र दाखवून चार पैसे घेणाऱ्या माणसाने केले तर तो धंदा! मित्रमैत्रिणींनो, या समजाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती नोंदवायला यंदाच्या वार्षिकांकासारखी दुसरी जागा मला सापडली नाही.

तक्रारीला आधार म्हणून मी एक बेट घेते. घारापुरी. पाठ्यपुस्तकातले 'एलिफंटा' ते हेच. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले हे बेट मुंबईच्या गेटवेपासून सुमारे १० किलोमीटर. लाँचने तासाभराचा रस्ता. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावे आहेत. त्यांतल्या एका गावात माझ्या आईचे माहेर, आणि माझा मामा गेली २२ वर्षे तेथे गाईडचे काम करतो. नाते सांगून टाकले म्हणजे माझे मत पक्षपाती ठरणार, हे मला ठाऊक आहे. ठरू दे. आजोळाविषयी निःपक्षपाती असणारी माणसे मला तरी आजवर भेटलेली नाहीत.

प्रथम पाहुण्यांचे घारापुरी कसे असते ते सांगते. सकाळी गेटवेला रांग. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायला वेगळे पैसे. वाटेत समुद्रपक्ष्यांना फरसाण टाकण्याचा कार्यक्रम (पक्ष्यांच्या पोटाचे काय होत असेल देव जाणे). डाव्या हाताला तेलाच्या टाक्यांचे बुचर आयलंड, म्हणजे आपले जवाहर द्वीप. मग घारापुरीची लांबच लांब जेटी आणि तिच्यावरची मिनी ट्रेन. ही जेटी इतकी लांब का, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. बेटाच्या कडेला चिखल आहे. ओहोटीला पाणी दूर पळते आणि लाँच किनाऱ्यापर्यंत येऊच शकत नाही. पुढे शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळांचे, दगडी हत्तींचे, टोप्यांचे स्टॉल, म्हाताऱ्यांसाठी डोलीवाले, कणसे, काकड्या, आणि या साऱ्यांवर नजर ठेवून बसलेली माकडे. तिकीट काढून लेण्यात शिरायचे, त्रिमूर्तीसमोर पाठ करून फोटो काढायचा, माकडाने हिसकावलेल्या बाटलीबद्दल हळहळायचे आणि परतीची लाँच चुकू नये म्हणून पायऱ्या उतरू लागायचे. सारे मिळून तीन तास! रात्री पाहुण्याला बेटावर मुक्कामाची मुभा नाही. त्यामुळे संध्याकाळच्या शेवटच्या लाँचबरोबर सगळे पर्यटन बेट सोडून जाते.

या तीन तासांना मी नावे ठेवणार नाही. ज्याला एका रविवारी मुंबई पाहून रात्रीची गाडी पकडायची आहे त्याने आणखी काय करावे? माझे म्हणणे इतकेच की, एवढेच बेट विकण्यात ज्याचा फायदा आहे त्या माणसाला प्रत्यक्षात कोणते बेट आवडते, हे एकदा पाहावे.

मामा लोकांना लेण्यात नेतो तेव्हा उत्तरेच्या दरवाजातून आत शिरल्या शिरल्या बोलायला लागत नाही. तो त्यांना दोन मिनिटे नुसते उभे करतो. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त काळोख दिसतो, आणि खांबांच्या रांगा. लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे आहे. सकाळी पूर्वेकडून उजेड येतो, दुपार कलली की पश्चिमेकडून. दक्षिणेची भिंत मात्र डोंगरातच आहे, आणि त्या भिंतीतल्या खोल कोनाड्यात महेशमूर्ती आहे. तिच्यावर ऊन असे कधी थेट पडत नाही. जो उजेड पोचतो तो खांबांमधून गाळून, दगडावर आपटून आलेला. म्हणून डोळे सरावले की ती सुमारे १८ फुटांची मूर्ती अंधारातून पुढे येते आहे असे वाटते. मामा म्हणतो, "आधी बोललं की लोक माझ्याकडं बघतात. देवाकडं कोण बघणार?"

मग तो सांगतो की ही तीन डोकी ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची नव्हेत. तिन्ही मुखे शिवाचीच. आपल्या डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेकडे, मिशीवाला उग्र अघोर. उजव्या हाताला कमळ धरलेले स्त्रीसारखे कोमल मुख. आणि मधले डोळे मिटलेले, कशाचेच काही नसलेले. या मूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. मामा शाळेत नववीपर्यंत गेला. हे सारे त्याने कोठे वाचले असे मी एकदा विचारले, तेव्हा कळले की एका परदेशी बाईंनी दिलेले जाड इंग्रजी पुस्तक त्याने पाच वर्षे शब्दकोश घेऊन वाचले होते. ते पुस्तक अजून फळीवर आहे. त्याच्या पानांना मासळीचा वास येतो, हे मी आपले प्रेमाने सांगते.

आता आमच्या वर्गातील एक प्रसंग सांगते. शैक्षणिक सहलीचा विषय निघाला तेव्हा एक सर म्हणाले, "गाईडचे फार ऐकू नका. हे लोक ऐकीव गोष्टी सांगतात. पांडवांनी एका रात्रीत लेणे खोदले, बाणासुराने खोदले, असले काहीतरी." सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी लिहिते की, पांडवांची आणि बाणासुराची गोष्ट मामाही सांगतो. पण ती सांगण्यापूर्वी तो म्हणतो, "ही आमच्या म्हाताऱ्यांची गोष्ट." आणि मग म्हणतो, "अभ्यासकांच्या मते लेणं सहाव्या शतकातलं." दोन्ही गोष्टी दोन वेगवेगळ्या ताटांत वाढतो. खरे पाहता, लेणे नेमके कोणी खोदले याबद्दल पुस्तके तरी कोठे एकमुखाने बोलतात? येथे एक शिलालेख होता; तो पोर्तुगीजांनी आपल्या देशी नेला आणि तेथे तो हरवला. शिलालेख राहिला असता तर आमच्या परीक्षेतला पाच गुणांचा प्रश्न सोपा झाला असता. म्हाताऱ्यांची गोष्ट मात्र कोणाला जहाजात घालून नेता आली नाही.

असो. मला सांगायचे आहे ते मामाच्या आवडत्या जागांबद्दल. त्या जागा त्याच्या धंद्यात बसत नाहीत, हे कृपा करून ध्यानात घ्यावे.

पहिली जागा पूर्वेकडच्या टेकडीवर आहे. घारापुरीला दोन टेकड्या आहेत आणि मध्ये खोलगट भाग. लेण्यांची पश्चिमेची टेकडी सर्वांना माहीत असते. तिच्या माथ्यावर इंग्रजी अमलातल्या तोफा आहेत, तेथवर काही हौशी मंडळी जातात. पूर्वेच्या टेकडीकडे फारसे कोणी फिरकत नाही. तिच्यावर एक विटांचा बौद्ध स्तूप आहे, महेशमूर्तीहून कितीतरी जुना. पाहायला गेले तर मातीचा उंचवटा आणि काही विटा. फोटो चांगला येत नाही. पण तेथे उभे राहिले की एका बाजूला न्हावा-शेव्याच्या बंदराच्या अवाढव्य क्रेन दिसतात, दुसरीकडे तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा घुमट, आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. मामाला ही जागा आवडते, कारण, तो म्हणतो, "इथून कळतं की आपलं बेट कधी आडबाजूला नव्हतंच. तेव्हापण गलबतं इथूनच जायची." मुंबईच्या माणसाला घारापुरी हे मुंबईच्या समोरचे बेट वाटते. स्तूपाच्या टेकडीवरून पाहिले की वाटते, मुंबई हेच घारापुरीच्या समोरचे बेट आहे.

दुसरी जागा आहे पावसाळ्यातला बंधारा. बेटावर पावसाचे पाणी साठवायला छोटे धरण केलेले आहे. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला मात्र आभाळाकडे पाहायचे, अशी बेटाची गत. जुलैत समुद्र खवळला की गेटवेच्या लाँच बंद पडतात. त्या दिवसांत गाईडची कमाई शून्य. नेमक्या त्याच दिवसांत मामा बंधाऱ्यावर जाऊन बसतो आणि पाणी किती चढले ते बघतो. धंदा बुडाल्याचे दुःख आणि पाणी भरल्याचा आनंद एकाच माणसाला एकाच दिवशी होतो. हे प्रेम कोणत्या जाहिरातीत बसवायचे, ते मला कोणी सांगावे.

आणि तिसरी जागा. ही माझीही आवडती. खरे म्हणजे ती जागाच नाही.

लेण्यात येणारे प्रत्येक लहान मूल एक प्रश्न विचारते : "हत्ती कुठे आहे?" अगदी योग्य प्रश्न! बेटाचे नाव एलिफंटा आणि हत्ती म्हणाल तर स्टॉलवरचा, दोनशे रुपयांचा. राजबंदरच्या बाजूला पूर्वी एका कातळात कोरलेला मोठा हत्ती उभा होता. तो पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला ते नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राणीच्या बागेत पडून राहिले. १९१४ साली ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. आजही तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे आमचा हत्ती मुंबईत आहे आणि मुंबईची माणसे हत्ती शोधत आमच्याकडे येतात.

मामा ज्यांच्यावर खूश होतो त्यांना राजबंदरच्या बाजूला घेऊन जातो, मोकळी जमीन दाखवतो आणि सांगतो, "इथं हत्ती होता." बस्स. लोक इकडे तिकडे पाहतात. काही रागावतात, एवढे चालवून आणले आणि दाखवले काय, तर काही नाही! मी विचारते, ज्याला फक्त पैसाच हवा आहे तो माणूस गिऱ्हाईकाला उन्हातून चालवत नेऊन रिकामी जागा कशाला दाखवील? लेण्यात एक गट संपवून दुसरा गट धरण्यात त्याचा फायदा आहे. राजबंदरच्या फेरीत त्याचा एक गट हमखास बुडतो. मामी त्यावरून त्याला बोलते. तरी तो जातो.

मामीचे नाव निघाले तेव्हा तिचीही बाजू मांडली पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे भाचीने मामाला घातलेला हार होईल. मामी बेटावरच्या पायऱ्यांपाशी काकडी, कैरी आणि ताक विकते. बेटावर प्रेम आहे का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "तुझ्या मामाला प्रेम करायला वेळ आहे गो. मला पाणी भरायचं हाय."

पर्यटनाच्या पुस्तिकांत 'बेटावरचे शांत, निवांत जीवन' असे शब्द असतात. ते लिहिणाऱ्यांनी मामीला भेटावे. महेशमूर्ती १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने बोधचिन्ह म्हणून तीच मूर्ती निवडली. त्या मूर्तीच्या पायथ्याच्या गावांना नेहमीची वीज मात्र मिळाली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. स्वातंत्र्याला ७० वर्षे उलटून गेल्यावर! त्याआधी डिझेलच्या जनित्रावर संध्याकाळी तीनेक तास दिवे लागत. समोर मुंबई रात्रभर लखलखत असे आणि आमच्या आजोळी दहानंतर कंदील. आई सांगते की लहानपणी तिला वाटायचे, मुंबईत रात्र होतच नाही. तिची शाळा चौथीत संपली. रात्री कोणाला बरे वाटेनासे झाले तर भरती-ओहोटी पाहून होडी काढायची. वेळ डॉक्टरची नव्हे, समुद्राची.

म्हणून मामीची कुरकुर मला मामाच्या प्रेमाहून कमी प्रतीची वाटत नाही. ती बेट सोडून उरणला राहायला यायची संधी दोनदा आली होती. दोन्ही वेळा ती आली नाही. कारण विचारले तर म्हणते, "तिथं मला झोप लागत नाय. लई आवाज." तिच्या या वाक्यात आणि मामाच्या रिकाम्या जागेत मला तरी फरक दिसत नाही. एक कुरकुरत राहते, एक कौतुक करत राहतो, राहतात दोघेही.

प्रेम धंद्यापुरतेच असेल तर धंदा बसला की ते बसायला हवे. २०२४ च्या १८ डिसेंबरला मुंबईहून घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी लाँचला नौदलाची इंजिन-चाचणी चाललेली वेगवान बोट येऊन धडकली. १५ माणसे गेली. त्या दिवसापासून लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती आली, ती आधीच यायला हवी होती. त्यानंतर काही दिवस बेटावर माणूस फारसा येईना. नाताळच्या सुट्टीचे दिवस, म्हणजे आमच्याकडच्या लोकांचा भरीचा हंगाम. मामा रोज जेटीवर जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. घरात सगळे गप्प. पण त्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही की हे बेट सोडू, दुसरे काही करू. उलट गाव असे मोकळे मिळाले म्हणून तो आम्हां भाच्यांना आणि त्याच्या मुलांना घेऊन दोन दिवस सगळे बेट फिरला. खारफुटीतून जाणारी वाट, चिंचेची मोठी झाडे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्यात टिपत फिरणारे पक्षी, हे सारे मी त्याच दोन दिवसांत पाहिले. जेवताना मात्र तो अर्धी भाकरी परत ठेवायचा. हेही मी पाहिले.

आता एका प्रस्तावाबद्दल दोन शब्द. मुंबई बंदराच्या कारभाऱ्यांनी शिवडी ते घारापुरी असा सुमारे ८ किलोमीटरचा रोपवे मांडला होता. तासाचा प्रवास काही मिनिटांवर येणार, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे स्वागत केले. रात्री आजारी माणूस त्यातून नेणार असाल तर मी स्वतः त्याचे नारळ फोडायला येईन. पण तो पाहुण्यांसाठी असेल, तर प्रवास तासाने कमी झाल्यावर पाहुणा बेटावर तासभर जास्त थांबेल असे मला वाटत नाही. तो तीन तासांचे दोन तास करील. ज्या सोयीने माणूस लवकर येतो, त्याच सोयीने लवकर जातो. उरणच्या बाजारात मी हे पाहिले आहे. आमच्याकडे न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. रस्ते रुंद झाले, आणि आता बाजारातून गाड्या अशा वेगाने जातात की आईच्या मासळीच्या टोपलीपाशी थांबायला कोणाला सवड नसते.

या लेखाला माझा स्वतःचा एक स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा कंटेनर यार्डात कामाला आहेत. माझ्या कॉलेजविषयी घरात फार मोठ्या आशा आहेत, आणि त्या साऱ्या एका टेबल-खुर्चीभोवती फिरतात : बँक, तहसील कचेरी, रेल्वे. इतिहास घेऊन बी. ए. करते आहे, पुढे काय, असे कोणी विचारले की आई परस्पर उत्तर देते, "परीक्षा देणार ती, सरकारी." दिवाळीत मी म्हणून बघितले की मला गाईड व्हायचे आहे. आई काही बोलली नाही. बाबा म्हणाले, "एवढं शिकून दगडच दाखवणार?" आणि मामा! जो माणूस रिकाम्या जागेवर हत्ती उभा करतो तो मान खाली घालून म्हणाला, "नको गो बाय. ही लाइन पोरींची नाय. आणि यात काय ठेवलंय?"

त्या 'काय ठेवलंय'चा मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. मामावर नाही, ज्यांनी २२ वर्षे त्याला असे वाटायला लावले त्यांच्यावर. गट घेऊन येणारा मुंबईचा माणूस त्याला "ए गाईड" म्हणून हाक मारतो. कोणी त्याचे बोलणे अर्ध्यावर तोडून मोबाइलवर बघून त्यालाच सांगतो की ही त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. कोणी घासाघीस करून ठरलेल्या पैशांतले शंभर कमी देतो आणि जाताना दोनशेचा दगडी हत्ती विकत घेतो. शिवाय आम्ही वर्गात बसलेले शहाणे म्हणतो, हे तर पोटासाठी बोलतात. मग सर पोटासाठी शिकवीत नाहीत काय? आणि म्हणून त्यांचे इतिहासावर प्रेम नाही असे आपण म्हणतो काय? पहिल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या बाई अजिंठ्याबद्दल शिकवताना तास संपल्याची घंटा विसरल्या होत्या. त्यांना पगार त्या तासाचा मिळाला, विसरलेल्या दहा मिनिटांचा नाही. मामाची राजबंदरची फेरी म्हणजे ती दहा मिनिटे आहेत.

मुलींची लाइन नाही, या म्हणण्यालाही माझ्यापाशी उत्तर आहे. मामी पायऱ्यांवर रोज आठ-आठ तास परक्या माणसांशी बोलत बसते. जेटीवर, स्टॉलवर, तांब्याकळशीपाशी, बेटाचा निम्मा व्यवहार बायाच चालवतात. त्यांनी ताक विकलेले चालते आणि लेण्यातल्या अर्धनारीश्वराबद्दल बोललेले चालत नाही, हा कुठला न्याय? त्या शिल्पाचा डावा अर्धा भाग स्त्रीचा आहे. त्याच्याबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आम्हालाही असावा.

आईशी बोलणे चालू आहे. सरकारी परीक्षेचा अर्जही मी भरणार आहे. कारण बाबांची पाठ दुखते आणि घरात नियमित पैसा हवा, हे मला कळते. पण सुट्टीच्या दिवशी मामाबरोबर लेण्यात जाणे मी सोडणार नाही. गेल्या महिन्यात साताऱ्याहून आलेल्या एका कुटुंबाला मामाने मलाच सांगू दिले. मी त्यांना दरवाजात दोन मिनिटे उभे केले. एक आजी होत्या. काळोखातून मूर्ती दिसू लागली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मग माझा दंड धरला. मामा मागे खांबाला टेकून उभा होता, त्याने कौतुक केले नाही, फक्त बाहेर आल्यावर म्हणाला, "गंगाधर राहिला."

आपल्या कॉलेजची सहल यंदा घारापुरीला न्यावी, अशी विनंती मी सहल समितीला केली आहे. सकाळच्या पहिल्या लाँचने जावे आणि शेवटच्या लाँचने यावे. जेवण बेटावरच्या बायांकडे सांगावे, भाकरी आणि ओल्या जवळ्याची चटणी त्या आनंदाने करतील. स्तूपाच्या टेकडीला आणि राजबंदरला वेळ ठेवावा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून तो वार टाळावा. ज्यांना समितीच्या कारभारावर विश्वास नाही त्यांनी मात्र सोमवारी माझ्याकडे यावे. त्या दिवशी मामाला काम नसते, आणि आमच्या बाजूने गावकऱ्यांची होडी मिळते. लेणे दिसणार नाही. बाकीचे सगळे बेट दिसेल.